आमचा फॉन्ट डेबियनमध्ये कसा गेला

पुण्यातल्या आमच्या गटाचा काही वर्षं स्वतःचा रेपो होता. गट म्हणजे नोकरी सांभाळून रविवारी जमणारे काही जण आणि इंजिनिअरिंगची चार-सहा मुलंमुली. काही शाळांच्या संगणक कक्षांत आम्ही डेबियन, म्हणजे लिनक्सवर आधारलेली एक मुक्त संगणकप्रणाली, बसवून दिलं होतं. त्या संगणकांना लागणारं मराठीचं जे सामान डेबियनमध्ये नव्हतं, त्याची पॅकेजं आम्हीच बांधायचो आणि आमच्या सर्व्हरवर ठेवायचो: एक देवनागरी फॉन्ट, शब्दांची एक यादी, कीबोर्डची काही सेटिंग्ज.

ज्यांनी लिनक्स वापरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डेबियनमध्ये सॉफ्टवेअर इकडून तिकडून उतरवून बसवायचं नसतं. सगळं 'पॅकेज' म्हणजे बसवायला तयार गठ्ठ्यांच्या रूपात एका भांडारात नीट बांधून ठेवलेलं असतं, त्या भांडाराला रेपो म्हणतात. 'ॲप्ट' नावाचा प्रोग्रॅम तिथून मागितलेली वस्तू आणतो आणि तिला लागणाऱ्या बाकीच्या वस्तूही सोबत आणतो. रेपोत 'रिलीज' नावाची एक फाइल असते. तिच्यात पॅकेजांच्या याद्यांचे हॅश, म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून हिशेबाने काढलेले ठसे, असतात, त्या याद्यांत प्रत्येक पॅकेजचा हॅश असतो, आणि रिलीज फाइलवर रेपो चालवणाऱ्याची डिजिटल सही असते. एवढ्या साखळीवर सगळा विश्वास उभा आहे. हॅश जुळला नाही किंवा सही पटली नाही, तर ॲप्ट पुढे जात नाही.

असा छोटा रेपो उभारायला 'रेप्रेप्रो' नावाचं साधन आहे आणि एखाद्या संध्याकाळीही काम होतं. नंतरचा व्याप मोठा. सहीच्या चावीची मुदत संपत आली की प्रत्येक शाळेतल्या प्रत्येक संगणकावर नवी चावी पोचवायची. डेबियनची नवी आवृत्ती आली की सगळी पॅकेजं तिच्यावर पुन्हा बांधून पाहायची. सर्व्हरचं भाडं, त्याचे अपडेट, बॅकअप. आणि ज्याला हे सगळं कळतं असा माणूस बंगळुरूला किंवा बर्लिनला नोकरीला लागला, की पाठीमागे कोण? शिवाय आमचा रेपो ठाऊक होता तो आमच्या ओळखीच्या शाळांना. नागपूरच्या किंवा सिंधुदुर्गातल्या शिक्षकाला त्याचा काय उपयोग? म्हणून असं ठरलं की जे जे डेबियनमध्ये जाऊ शकेल ते तिथेच न्यायचं आणि आमचा रेपो हळूहळू मिटवायचा. सुरुवात फॉन्टपासून, कारण तो रोज सगळे वापरत होते.

हा फॉन्ट एका मराठी बाईंनी काढलेला. त्यांना प्रसिद्धीची हौस नाही, म्हणून त्यांचं आणि फॉन्टचं नाव देत नाही. तो त्यांनी ओपन फॉन्ट लायसन्सखाली सगळ्यांना खुला केला होता. डेबियनमध्ये देवनागरी फॉन्ट नव्हते असं नाही. लोहित आहे, आणि त्याच्यावरचं बरंचसं काम पुण्यातच, रेड हॅटमधल्या मंडळींनी केलेलं आहे. गार्गी आहे, सराय आहे, नकुल आणि सहदेव आहेत. पण पाठ्यपुस्तकासारखा, लहान आकारातही ठसठशीत दिसणारा आणि मराठी वळणाचे 'ल' नि 'श' जागच्या जागी देणारा फॉन्ट मुलांना हवा होता, आणि तो हा होता.

डेबियनची घोषणा इयन मर्डॉक यांनी १६ ऑगस्ट १९९३ रोजी केली. १९९७ मध्ये या प्रकल्पाने आपला 'सोशल कॉन्ट्रॅक्ट' म्हणजे वापरणाऱ्यांशी केलेला करार जाहीर केला, आणि त्याच्यासोबत मुक्त सॉफ्टवेअर कशाला म्हणायचं याची कलमं. डेबियनच्या 'मेन' विभागात जे येतं त्याला ही कलमं लागू होतात, फॉन्टलाही. हे काम कोणत्याही कंपनीच्या मालकीचं नाही. जगभरातले सुमारे हजार डेव्हलपर आणि त्यांच्या भोवतीचे कितीतरी लोक ते बहुतांशी स्वतःच्या वेळात करतात. यांच्या दारात आपली वस्तू घेऊन जायचं तर तिची सगळी कागदपत्रं चोख हवीत, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

रीतीप्रमाणे पहिलं पाऊल म्हणजे डेबियनच्या बग नोंदवहीत 'मी याचं पॅकेज करणार आहे' अशी नोंद घालणं. तिला 'आयटीपी' म्हणतात. तिचा हेतू एवढाच की दोघांनी एकच काम वेगवेगळं करत बसू नये. नोंदीला क्रमांक मिळतो, आणि पुढे पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या यादीत, तो क्रमांक लिहिला की पॅकेज स्वीकारलं जाताच नोंद आपोआप बंद होते.

मग परवाना. बाहेरच्या माणसाला वाटतं की पॅकेजिंग म्हणजे कोड लिहिणं. आमचा सगळ्यात जास्त वेळ 'कॉपीराइट' या एका फाइलपायी गेला, आणि मला ते काम मनापासून आवडलं. मूळ संग्रहातल्या प्रत्येक फाइलचा मालक कोण आणि ती कोणत्या अटीवर दिलेली आहे, हे त्या फाइलमध्ये लिहायचं असतं. 'लायसन्सचेक' नावाचं साधन मदत करतं, पण शेवटी डोळ्यांनीच वाचावं लागतं. आमच्या गटातली एक विद्यार्थिनी याच कामाला बसली आणि तिने तीन गोष्टी काढल्या.

पहिली म्हणजे इंग्रजी अक्षरं. देवनागरी फॉन्ट काढणारे बरेचदा रोमन अक्षरं दुसऱ्या मुक्त फॉन्टमधून घेतात, कारण दोन्ही लिप्या नव्याने काढायला फार वेळ जातो. इथेही तसंच होतं. ते घ्यायला परवान्याची पूर्ण मुभा होती, पण मूळ रोमन अक्षरं काढणाऱ्याचं नाव परवान्याच्या फाइलमध्ये आलेलं नव्हतं. त्याची कॉपीराइट ओळ तिथे असायलाच हवी.

दुसरी गोष्ट राखीव नावाची. ओपन फॉन्ट लायसन्समध्ये फॉन्टकाराला आपल्या फॉन्टचं नाव राखून ठेवता येतं. मग कोणी फॉन्टमध्ये बदल केला तर त्याने तो दुसऱ्या नावाने द्यायचा. डेबियनच्या कलमांना ही अट चालते. पण उद्या आम्ही एखादी दुरुस्ती करून फॉन्ट बांधला असता, तर नाव बदलण्याची पाळी आली असती. डेबियनमध्ये फायरफॉक्स २००६ पासून २०१६ पर्यंत आइसवीझल या नावाने मिळत होता, तो अशाच नावाच्या हक्काच्या प्रश्नामुळे. आमच्या शाळांमधल्या शेकडो फायलींत मूळ फॉन्टचंच नाव होतं. ते बदलून चालण्यासारखं नव्हतं.

तिसरी गोष्ट कोणाच्या ध्यानीमनीही नसलेली. फॉन्ट कसा दिसतो ते दाखवणारी एक पीडीएफ संग्रहात होती आणि तिच्यात एक आधुनिक मराठी कविता छापलेली होती. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. ती कविता त्या मुदतीत होती. म्हणजे फॉन्ट मुक्त, आणि त्याच्यासोबतचा नमुना मात्र कोणाला वाटायची आपल्याला परवानगी नाही. डेबियनमध्ये अशा फायली मूळ संग्रहातून वगळून पॅकेज करायची सोय आहे. मग आवृत्तीच्या क्रमांकापुढे तसं सुचवणारी पुस्ती जोडतात.

मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अहो, मी तर सगळ्यांना वापरायला देऊनच टाकलाय. आता परवानगी कसली मागताय?"

मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही दिलात ते खरंच. पण डेबियनकडून तो ज्याच्याकडे जाईल, त्यालाही तो बदलून पुढे देता आला पाहिजे. आणि ते कागदावर दिसलं पाहिजे."

"मग डेबियनला परवानगी आहे असं एक पत्र लिहून देते की."

तेही चालत नाही. डेबियनच्या कलमांतलं ८ वं कलम स्पष्ट सांगतं की हक्क फक्त डेबियनपुरते असता कामा नयेत. डेबियनच्या बाहेर नेऊनही माणसाला तेच हक्क मिळायला हवेत. मला हे कलम सगळ्यात मोलाचं वाटतं. डेबियन स्वतःसाठी सवलत मागत नाही आणि कोणी देऊ केली तर ती पुरेशी मानत नाही. मी हे बाईंना सांगितलं तेव्हा त्या थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "हे बरं आहे." नाव राखून ठेवल्याची ओळ त्यांनी काढून टाकली, रोमन अक्षरांच्या मूळ कर्त्याचं नाव घातलं, आणि नमुन्याच्या पीडीएफमध्ये कवितेच्या जागी तुकोबांचा अभंग आला. वगळण्याची, पुस्ती जोडण्याची वेळच आली नाही. मूळ ठिकाणीच दुरुस्त झालं, आणि ते तसं होणं सगळ्यात चांगलं, कारण त्याचा फायदा डेबियन न वापरणाऱ्यालाही मिळतो.

आणखी एक गोष्ट त्यांच्याकडे मागावी लागली ती म्हणजे आवृत्त्यांचे टॅग, प्रत्येक आवृत्तीवर लावायची खूणचिठ्ठी. त्या सुधारलेली फाइल त्याच जागी ठेवायच्या. पॅकेज करणाऱ्याला मात्र हे अमुक आवृत्तीचं सोर्स असं बोट ठेवून सांगता यावं लागतं. पॅकेजमध्ये 'वॉच' नावाची एक छोटी फाइल असते, ती मूळ ठिकाणी नवी आवृत्ती आली का ते पाहते. टॅगच नसतील तर ती पाहणार काय? बाईंनी टॅग लावायला सुरुवात केली.

आता बांधणी. गटातल्या एका मुलाने विचारलं, "दादा, टीटीएफ फाइल तर तयारच आहे. ती पॅकेजमध्ये कॉपी केली की झालं ना?" प्रश्न रास्त होता. तयार टीटीएफ, म्हणजे संगणकावर बसवायची फॉन्टची फाइल, हे फळ आहे आणि डेबियनला झाडही हवं असतं: ज्यातून ती फाइल तयार होते ते संपादन करण्याजोगं सोर्स, आणि ते सोर्स डेबियनमधल्याच साधनांनी बांधता आलं पाहिजे. त्याला मी २०२४ सालची एक्सझेडची हकिगत सांगितली. एक्सझेड हे फायली आवळून ठेवण्याचं साधन जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असतं. त्याच्या प्रकाशित संग्रहात कोणीतरी चोरदार बसवलं होतं. ते कामाला लावणारी ओळ गिटमधल्या, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साठ्यातल्या, सोर्समध्ये नव्हतीच, फक्त उतरवून घ्यायच्या गठ्ठ्यात होती. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरला आपल्या डेबियनवर एसएसएचचं, म्हणजे दुरून संगणकात शिरण्याचं, लॉगिन अर्ध्या सेकंदाने मंदावल्याचं जाणवलं. त्याने मुळाशी जाऊन शोध घेतला आणि २९ मार्च २०२४ रोजी ते उघड केलं. बांधलेली वस्तू आणि तिचं सोर्स यांच्यात फट राहिली तर काय होऊ शकतं, याचं याहून ताजं उदाहरण नाही. फॉन्टमधून कोणी चोरदार बसवेल असं नव्हे. पण सोर्स नसेल तर उद्या एखाद्या अक्षराची खोट काढायची कोणी आणि कशी?

आमच्या फॉन्टचं सोर्स 'ग्लिफ्स' या मॅकवरच्या विकतच्या प्रोग्रॅमच्या फाइलीत होतं. सुदैवाने 'फॉन्टमेक' हे मुक्त साधन ती फाइल वाचतं आणि ते डेबियनमध्ये आहे. बाईंची बांधणीची स्क्रिप्ट मात्र आधी इंटरनेटवरून पायथनची साधनं उतरवून घ्यायची आणि मग काम करायची. डेबियनच्या बांधणीत नेटला हात लावायची मुभा नाही. जे लागेल ते डेबियनमधलंच पॅकेज असलं पाहिजे आणि आधीच जाहीर केलेलं असलं पाहिजे. म्हणून ती स्क्रिप्ट बाजूला ठेवून 'रूल्स' फाइलमध्ये फॉन्टमेकची आज्ञा थेट लिहिली. त्यानंतर 'टीटीएफऑटोहिंट', म्हणजे लहान आकारात अक्षरं स्वच्छ दिसावीत म्हणून. आणखी एक बारकावा आहे. फॉन्टच्या फाइलीत तो कधी तयार झाला ती वेळ नोंदलेली असते. मग आज बांधला आणि उद्या बांधला तर दोन वेगळ्या फायली तयार होतात आणि त्या एकाच सोर्सच्या आहेत हे ताडून पाहता येत नाही. डेबियनच्या बांधणीत चेंजलॉगमधली तारीख हीच वेळ म्हणून पुरवली जाते आणि फॉन्टची साधनं ती मानतात. दोन वेगळ्या लॅपटॉपवर बांधून आम्ही हॅश ताडले, ते एक निघाले. मुलांच्या चेहऱ्यावरचा आनंद त्या वेळी पाहण्यासारखा होता.

आणि मग 'वर्षांनी' हा शब्द बिघडला.

आम्ही बांधलेल्या फॉन्टमध्ये 'वर्षांनी' लिहिलं की रफार आणि अनुस्वार एकमेकांवर चढत होते. बाईंच्या तयार टीटीएफमध्ये तोच शब्द ठीक दिसत होता. 'मूर्तींना', 'सर्वांत' अशा शब्दांतही तेच. साधा 'वर्ष' ठीक, 'वनांनी' ठीक, दोन्ही चिन्हं एकत्र आली की गडबड. देवनागरीत वरची चिन्हं कुठे बसायची ते अँकर ठरवतात. अँकर म्हणजे अक्षरावर नोंदलेला एक बिंदू. अनुस्वारावरही तसाच एक बिंदू असतो आणि दोन्ही जुळवून चिन्ह जागेवर बसतं. या फॉन्टमध्ये रफारासह काना, रफारासह वेलांटी अशा जोडआकृत्या तयार केलेल्या होत्या, पण त्यांच्यावर स्वतःचे अँकर नव्हते. मॅकवरचा प्रोग्रॅम घटक अक्षरांचे अँकर आपणहून जोडआकृतीला लावत होता. आमच्या बांधणीत ते लागत नव्हते.

हे शोधायला अक्षरं जुळवून मांडणाऱ्या 'हार्फबझ' या इंजिनाच्या सोबत येणारं 'एचबी-शेप' फार कामी आलं. त्याला फॉन्ट आणि शब्द दिला की कोणत्या आकृत्या निवडल्या गेल्या आणि प्रत्येक किती सरकवली ते आकड्यांत सांगतं. डोळ्याला 'काहीतरी चुकतंय' एवढंच दिसतं. इथे अनुस्वाराच्या पुढे शून्य सरक आहे हे थेट दिसलं. बाईंना कळवलं तेव्हा त्यांनी एका बैठकीत सगळ्या जोडआकृत्यांना स्वतःचे अँकर लावले.

या प्रसंगातून आम्ही पॅकेजमध्ये चाचण्या घातल्या. डेबियनमध्ये पॅकेजसोबत स्वयंचलित चाचण्या देता येतात आणि फॉन्ट किंवा त्याच्याखालचं काही बदललं की त्या डेबियनच्या यंत्रांवर चालतात. आमची शब्दयादी अशी: 'वर्षांनी' आणि 'मूर्तींना' अँकरसाठी. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'कुऱ्हाड' हे शब्द पापणीसारख्या दिसणाऱ्या 'ऱ्'साठी, कारण तो हिंदीपुरती तपासणी करणाऱ्याच्या नजरेला कधी पडतच नाही. 'ॲप' शब्द 'ॲ'साठी. ते अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं आणि त्याच्या आधीच्या फॉन्टमध्ये बहुधा नसतंच. आणि भाषा मराठी सांगितल्यावर मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' येतात की नाही ते. ही यादी मला पॅकेजमधला सगळ्यात मोलाचा भाग वाटते. हेलसिंकीत किंवा साओ पाउलोत बसलेला, मराठीचं एक अक्षर न वाचू शकणारा डेव्हलपरही आता 'कुऱ्हाड' मोडली की ओळखू शकतो.

एवढं झाल्यावर पॅकेज डेबियनच्या 'साल्सा' या गिटलॅबवर, म्हणजे सोर्स ठेवायच्या सामायिक सर्व्हरवर, फॉन्ट टीमच्या छत्राखाली ठेवलं. मेंटेनर म्हणून टीमचं नाव आणि अपलोडर म्हणून आमच्यापैकी दोघांचं. हे आम्ही मुद्दाम केलं. एकट्याच्या नावावरचं पॅकेज तो माणूस कामात गुंतला की पोरकं होतं. अशी पोरकी पॅकेजं डेबियनमध्ये कितीतरी आहेत आणि त्यांची वेगळी यादीच असते. टीमच्या नावावर असलं की दुसरा कोणीही येऊन हात लावू शकतो.

नवख्या माणसाला डेबियनमध्ये थेट अपलोड करता येत नाही. एखाद्या डेबियन डेव्हलपरने ते तपासून आपल्या सहीने चढवावं लागतं. त्याला स्पॉन्सर म्हणतात. आमचे स्पॉन्सर मला २०२३ च्या सप्टेंबरमध्ये कोचीत भेटले होते. डेबियनची वार्षिक परिषद, डेबकॉन्फ, भारतात पहिल्यांदा तेव्हा भरली. तिथे चाव्यांवर सह्या करायचा कार्यक्रम होतो. प्रत्येकाच्या हातात आपल्या चावीच्या ठशाची चिठ्ठी, ४० आकडे-अक्षरांची. समोरच्याचं ओळखपत्र पाहायचं, चिठ्ठी त्याच्या तोंडून ताडून घ्यायची, मगच सही. डेबियनमध्ये पुढे स्वतः अपलोड करायचा हक्क हवा असेल तर आधीपासून प्रकल्पात असलेल्यांच्या अशा सह्या लागतात. एवढ्या मोठ्या प्रकल्पाचा विश्वास शेवटी माणसांनी समोरासमोर भेटण्यावर उभा आहे, हे मला फार योग्य वाटतं.

स्पॉन्सरांचं पहिलं पत्र लांबलचक होतं. 'लिंटियन' हे तपासनीस साधन आधी चालवलंच होतं, पण माणसाची नजर वेगळी. वर्णनात 'सुंदर' हा शब्द कशाला, त्याऐवजी कोणत्या लिप्या आणि किती वेट, म्हणजे अक्षरांच्या किती जाड्या, आहेत ते सांगा. हे पॅकेज कोणत्याही आर्किटेक्चरवर, म्हणजे प्रोसेसरच्या प्रकारावर, एकच आहे, तशी नोंद आहे ना? मूळ गठ्ठ्यातली तयार टीटीएफ चुकून पॅकेजमध्ये जाणार नाही याची खात्री केली का? शेवटच्या प्रश्नासाठी आम्ही बांधणीच्या आधीच ती फाइल पुसायची सोय केली. म्हणजे सोर्समधून काही तयार झालं नाही तर बांधणी सरळ अपयशी ठरेल, जुनी फाइल गुपचूप आत जाणार नाही. दोन्हीकडून पत्रं गेली-आली आणि त्यांनी सही केली.

तरीही पॅकेज लगेच दिसत नाही. डेबियनमध्ये पूर्वी नसलेलं प्रत्येक पॅकेज 'न्यू' नावाच्या रांगेत थांबतं आणि नवी पॅकेजं तपासणाऱ्या टीममधला कोणीतरी ते हाताने उघडून, मुख्यतः परवान्याच्या बाजूने, तपासतो. तपासणारी माणसं मोजकी आणि रांग लांब. कधी आठवडे जातात, कधी महिने. मुलं अधीर झाली. मी त्यांना रांगेचं पान उघडून दाखवायचो: आपल्या पुढे कोण आहे, कोणाचं काय आहे. खरं सांगायचं तर ही रांग आहे म्हणूनच डेबियनच्या 'मेन' विभागातून घेतलेली वस्तू मी शाळेत डोळे झाकून बसवू शकतो. आधी कोणीतरी तिची कॉपीराइट फाइल वाचलेली आहे.

स्वीकारल्याचं पत्र आलं आणि आयटीपीची नोंद आपोआप बंद झाली. पण त्यानंतर एक पायरी आहे जी नवख्यांना ठाऊक नसते. न्यूच्या रांगेत जाताना बांधलेलं पॅकेजही सोबत द्यावं लागतं. पण टेस्टिंगमध्ये, म्हणजे पुढची स्थिर आवृत्ती जिथे तयार होते त्या शाखेत, मात्र डेबियनच्या स्वतःच्या यंत्रांवर बांधलेलंच जातं. म्हणून स्वीकार झाल्यावर लगेच फक्त सोर्स पुन्हा चढवावं लागतं. ते केलं नाही तर पॅकेज 'सिड' या अस्थिर शाखेतच राहतं आणि लोकांना कळत नाही की अडलं कुठे. स्पॉन्सरांनी ते त्याच आठवड्यात केलं. काही दिवस कोणतीही गंभीर तक्रार न येता गेले आणि फॉन्ट टेस्टिंगमध्ये उतरला.

वेळेचंही महत्त्व होतं. डेबियन १३, म्हणजे 'ट्रिक्सी'साठी १५ एप्रिल २०२५ पासून सॉफ्ट फ्रीझ लागणार होता. त्यानंतर टेस्टिंगमध्ये नसलेल्या पॅकेजला आत येता येत नाही, पुढच्या आवृत्तीपर्यंत थांबावं लागतं. आमचा फॉन्ट त्याआधी आत होता. ९ ऑगस्ट २०२५ रोजी ट्रिक्सी बाहेर पडली. तिच्यात ६९,८३० पॅकेजं आहेत आणि त्यांतलं एक हे.

डेबियनमध्ये गेलेली वस्तू तिथेच थांबत नाही. उबंटू आपल्या नव्या आवृत्तीसाठी सिडमधून पॅकेजं उचलत असतं. उबंटूवरून मिंट. रास्पबेरी पाय ओएस तर डेबियनवरच उभी आहे. यांपैकी कोणाशीही आम्ही बोललो नाही, कोणाला पत्र लिहिलं नाही. विदर्भातल्या एका शिक्षकांनी रास्पबेरी पायवर फॉन्ट बसवून मुलांचं मासिक छापलं आणि फोटो पाठवला. त्यांना आमचा जुना रेपो माहीतही नव्हता.

शाळांतला जुना रेपो आम्ही टप्प्याटप्प्याने काढतो आहोत. ट्रिक्सी बसवताना आधी आमच्या रेपोची ओळ ॲप्टच्या यादीतून काढतो, मग डेबियनचं 'टास्क-मराठी-डेस्कटॉप' आणि त्यासोबत हा फॉन्ट. शब्दांची यादी मात्र अजून आमच्याकडेच आहे, कारण ती कुठून कुठून गोळा केली त्याचे कागद पुरे नाहीत. काही शब्द एका कोशातून टिपलेले दिसतात, आणि त्या कोशाचे हक्क कोणाकडे आहेत ते ठरल्याशिवाय ती नेता येणार नाही. परवान्याच्या कामाला बसलेली ती विद्यार्थिनी आता शब्दागणिक स्रोत तपासते आहे आणि ज्यांचा ठाव लागत नाही ते शब्द मुक्त परवान्याच्या मजकुरातून नव्याने गोळा करते आहे.

फॉन्टवर मध्यंतरी एक तक्रार आली. नेपाळी लिहिणाऱ्या कोणा वापरकर्त्याला मराठी वळणाचा 'ल' आपोआप येत होता, भाषा सांगितलेली नसतानाही. बाईंनी नव्या आवृत्तीत मूळ 'ल' बदलून मराठी वळण फक्त मराठी भाषेपुरतं केलं. ती आवृत्ती सिडमध्ये गेली आहे. स्थिर डेबियनमध्ये नव्या आवृत्त्या घालत नाहीत, म्हणून ट्रिक्सीवाल्यांसाठी बॅकपोर्ट करायचं, म्हणजे नवी आवृत्ती ट्रिक्सीसाठी वेगळी बांधून द्यायची आहे. ते काम या वेळी त्या टीटीएफचा प्रश्न विचारणाऱ्या मुलाने घेतलं आहे, आणि चाचण्यांच्या यादीत त्याने भाषा न सांगता लिहिलेला एक नेपाळी शब्दही घातला आहे.